आधी माणसे, मग इमारती : रयतेच्या सेवकवर्गाची वाटचाल

शिक्षणसंस्थेचा इतिहास सांगताना कोनशिला, उद्घाटने आणि देणगीदारांच्या पाट्या यांची यादी करणे सोपे असते. रयत शिक्षण संस्थेची अशी यादीही लांबलचक होईल. पण खेड्यातल्या हायस्कुलात सकाळी टोल कोण देतो, आठवीला गणित कोण शिकवतो, दाखला कोण लिहून देतो आणि ही माणसे तिथवर आली कशी, हे विचारत गेले की संस्थेची खरी घडण ध्यानात येते. संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी पैशाआधी आणि जागेआधी माणसांची तजवीज केली. शाळेत किती शिक्षक हवेत, किती लिपिक आणि किती शिपाई, हा विषय आज शासनाच्या तक्त्यांत बंदिस्त झाला आहे. ते तक्ते येण्याच्या कितीतरी आधी संस्थेने तो आपल्या पद्धतीने सोडवला होता. म्हणून या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल सेवकांच्या अंगाने मांडली आहे.

पायाभरणी (१९१९–१९३०)

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी संस्थेची स्थापना झाली. सत्यशोधक विचारांचे वारे तेव्हा सातारा जिल्ह्याच्या गावागावांत पोचले होते, आणि राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहे भाऊरावांनी विद्यार्थीदशेत जवळून पाहिली होती. ते स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या घेणारे ‘पाटील मास्तर’ म्हणून लोक त्यांना ओळखत. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने त्यांनी खेडी पालथी घातली. खेड्यातल्या पोराला शिकण्याची इच्छा असते, पण गावात शिकवणारा नसतो आणि शहरात राहायला छप्पर नसते, हे त्यांनी या भटकंतीत पाहिले. छपराची सोय म्हणून वसतिगृह निघाले. १९२४ साली संस्थेने आपला मुक्काम साताऱ्याला हलवला, आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तेथील वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

त्या काळी ‘शिक्षकेतर कर्मचारी’ असे पद संस्थेच्या दप्तरी नव्हते. काम मात्र सगळे होते. दळण, सरपण, पाणी, दोन वेळचा स्वयंपाक, तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसणे, घरच्या आठवणीने रडणाऱ्याची समजूत काढणे. हा भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी उचलला. त्या सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. तरीही सर्व जातींची मुले त्यांनी एका चुलीवर जेवू घातली. कोठीत धान्य उरले नाही तेव्हा अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. आज आपण आकृतिबंधात रेक्टर, स्वयंपाकी, मदतनीस अशी वेगवेगळी पदे मांडतो. ती सारी कामे या एका बाईने विनावेतन निभावली. माझे स्पष्ट मत आहे की संस्थेच्या सेवकपटावर पहिले नाव लक्ष्मीबाईंचे लिहिले गेले पाहिजे.

उरलेली कामे मुलेच करीत. पाळीने पाणी भरत, शेतात राबत, खोल्या सारवत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना पुढे देशभर नावाजली, पण तिचे मूळ या रोजच्या कामाच्या वाटपात आहे. नोकर ठेवायला पैसे नव्हते हे खरेच. त्याबरोबर भाऊरावांची अशीही धारणा होती की ज्या हाताला झाडूची लाज वाटते त्या हाताने पुढे खेड्यातली शाळा चालणार नाही.

शिक्षक घडवण्याचे दशक (१९३१–१९४०)

पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. या दशकातले मोठे काम मात्र १९३५ चे. त्या वर्षी साताऱ्यात ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ निघाले, तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. शाळांचे जाळे विणण्याआधी शिक्षक घडवण्याची शाळा काढणे, हा क्रम मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. डोंगरकपारीतल्या वाडीवर शहरातला शिकलेला माणूस जाऊन राहणार नाही, राहिला तरी टिकणार नाही, हे भाऊराव जाणून होते. त्यासाठी वाडीवरचाच मुलगा वसतिगृहात आणायचा, त्याला शिकवायचा, ट्रेनिंग द्यायचे आणि पुन्हा वाडीवर पाठवायचा, अशी साखळी त्यांनी बांधली. या साखळीतून बाहेर पडलेला मास्तर गावची बोली बोलत असे, भाकरी-कोरड्यासावर दिवस काढत असे आणि पावसाळ्यात ओढा अडला तरी शाळेत हजर असे.

याच तरुणांच्या बळावर स्वयंसेवी शाळा उभ्या राहिल्या. पाचशे-सातशे वस्तीच्या गावात देवळाच्या ओवरीत, चावडीत, कुणाच्या पडवीत शाळा भरे. गाव जागा देई, शिक्षकाच्या राहण्या-जेवणाची काळजी घेई. संस्था माणूस देई. एकशिक्षकी शाळेत हजेरी मांडणारा, पाढे म्हणून घेणारा, अंगण झाडणारा आणि संध्याकाळी प्रौढांना अक्षरओळख करून देणारा एकच. अशा ५७८ शाळा संस्थेने चालवल्या. एवढ्या ठिकाणी एवढी माणसे नेमून ती टिकवणे, ज्या काळात वाहनांची सोय नव्हती आणि मानधन तुटपुंजे होते त्या काळात, ही गोष्ट मला संस्थेच्या कोणत्याही भव्य वास्तूपेक्षा मोठी वाटते.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. मोफत आणि निवासी असे हे माध्यमिक विद्यालय. फी नाही, म्हणजे शिक्षकांच्या पगाराची तरतूद लोकवर्गणीतून आणि विद्यार्थ्यांच्या श्रमातून करायची. प्राथमिक शाळा एका माणसावर चालू शकते. हायस्कूलला ते पुरत नाही. इंग्रजी, गणित, शास्त्र, संस्कृत, चित्रकला यांना वेगवेगळा शिक्षक लागतो, प्रयोगशाळा मांडणारा लागतो, बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म भरणारा कारकून लागतो. संस्थेचा मनुष्यबळाचा खरा कस येथून पुढे लागला.

पदवीधरांची टंचाई आणि आजीव सेवक (१९४१–१९५०)

स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. १९४७ च्या जूनमध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. त्यामागे उच्च शिक्षणाची आस होती, तशी हायस्कुलांना पदवीधर शिक्षक मिळवण्याची निकडही होती. ग्रामीण भागात पदवीधर सापडत नसत; जे सापडत ते पुण्या-मुंबईची वाट धरत. तेव्हा पदवीधर आपल्याच अंगणात तयार करायचे, हा प्राथमिक शाळांच्या बाबतीत लागू पडलेला उपाय संस्थेने एक पायरी वर नेला. हुशार मुलांना पुढे शिकवायचे, प्रसंगी परदेशी पाठवायचे, आणि त्यांनी परत येऊन संस्थेत आयुष्य घालवायचे. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडमधून बॅरिस्टर होऊन आले आणि शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषवले. त्यांच्यासारख्यांनी आजीव सेवक म्हणून निर्वाहापुरते वेतन घेतले. त्यांच्या मागे नावे न छापली गेलेली शिक्षक, कारकून आणि शिपायांची मोठी फळी होती.

१९४८ साली गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प संस्थेने केला. त्याच सुमारास शासकीय अनुदान काही काळ बंद पडले. त्यामागच्या कारणांत शिरण्याची ही जागा नाही. सांगण्यासारखे हे की पगार अडले तरी शाळा चालू राहिल्या. गाडगे महाराजांनी या पडत्या काळात संस्थेची पाठराखण केली. गावकऱ्यांनी धान्य घातले, दुकानदारांनी उधारी थांबवली नाही. अनुदान पूर्ववत झाले तेव्हा संस्थेच्या ताळेबंदात कर्ज होते, पण शिक्षकांच्या हजेरीपटात फारशी गळती नव्हती.

साखळी पूर्ण झाली (१९५१–१९६०)

१९५४ साली कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ साली साताऱ्याला आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. आता वसतिगृहातला मुलगा संस्थेच्याच शाळेत मॅट्रिक होई, संस्थेच्याच कॉलेजात पदवी घेई, संस्थेतच अध्यापनाची पदवी मिळवी आणि संस्थेच्या हायस्कुलात रुजू होई. रयतेत घडलेली माणसे बाहेरही गेली. बापूजी साळुंखे यांनी १९५४ साली कोल्हापुरात श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिचाही मोठा विस्तार झाला. मोठ्या संस्थेत मतमतांतरे व्हायचीच. त्यातून शिक्षणाचे क्षेत्र रुंदावले, हे आज मागे वळून पाहताना अधिक महत्त्वाचे वाटते.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. त्यांच्या मागे ३८ वसतिगृहे, ५७८ स्वयंसेवी शाळा, ६ अध्यापक विद्यालये, १०८ माध्यमिक विद्यालये आणि ३ महाविद्यालये असा पसारा होता. यातली अध्यापक विद्यालये हा माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा. तेवढ्या विस्ताराला शिक्षक कुठून आले, याचे उत्तर त्या सहांमध्ये आहे.

त्याच वर्षी शासनाने ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी जाहीर केली. ग्रामीण महाराष्ट्रातली बहुतेक घरे या मर्यादेत बसत होती. हायस्कुलांचे पट फुगले, तुकड्या वाढल्या, आणि शिक्षकांची गरज एकदम वाढली.

अनुदान, संहिता आणि दीड शिक्षक (१९६१–१९८०)

या दोन दशकांत संस्थेचे हायस्कूल लोकवर्गणीवरून अनुदानावर आले. पगाराची हमी मिळाली, शिक्षकाच्या घरात स्थैर्य आले. मोबदल्यात पदांची संख्या शासन ठरवू लागले. माध्यमिक शाळा संहितेचे सूत्र जुन्या मुख्याध्यापकांना तोंडपाठ असे : माध्यमिक तुकडीमागे दीड शिक्षक, उच्च प्राथमिक तुकडीमागे १.३.

हा अर्धा शिक्षक कुठून आला, असे पुष्कळ जण विचारतात. हिशेब असा. एका तुकडीच्या आठवड्याला सुमारे पंचेचाळीस तासिका होतात. एक शिक्षक तीसच्या आसपास तासिका घेऊ शकतो, कारण वह्या तपासणे, टाचण काढणे, प्रयोग मांडणे ही कामे उरलेल्या वेळात करायची असतात. पंचेचाळीस भागिले तीस म्हणजे दीड. आठवी ते दहावी एकेक तुकडी असलेल्या लहान हायस्कुलाला या सूत्राने साडेचार शिक्षक मिळत. साडेचार जणांत मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल, चित्रकला आणि शारीरिक शिक्षण कसे बसवायचे, हे कोडे खेड्यातल्या मुख्याध्यापकाने दर जूनमध्ये सोडवले. भूगोलाचा शिक्षक हिंदी शिकवी, विज्ञानाचा शिक्षक मैदानावर कवायत घेई. रयतेसारख्या मोठ्या संस्थेचा येथे उपयोग झाला. एका शाळेत इंग्रजीचे दोन आणि शेजारच्या तालुक्यात एकही नाही, अशा वेळी बदली करून तोल सांभाळता आला. बदलीचा कागद हाती पडला की बिऱ्हाड हलवणारी कुटुंबे, गाव बदलले म्हणून नव्या वर्गमित्रांत मिसळणारी शिक्षकांची मुले, हा खर्च कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. या कुटुंबांचे ऋण संस्थेने मान्य केले पाहिजे.

१९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, जुनी अकरावी मॅट्रिक संपली, आणि पाठोपाठ अनेक हायस्कुलांना कनिष्ठ महाविद्यालये जोडली गेली. १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनी नेमणूक, ज्येष्ठता, बढती आणि बडतर्फी यांना कायद्याची चौकट दिली. शिक्षकाची नोकरी कुणाच्या मर्जीवर राहिली नाही, ही त्या काळाची मोठी कमाई.

शिक्षकेतर सेवकांचाही तोच काळ. वरिष्ठ व कनिष्ठ लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, प्रयोगशाळा परिचर, नाईक, शिपाई, पहारेकरी अशी पदांची उतरंड शाळांत रुळली. खेड्यातल्या शाळेचा शिपाई म्हणजे काय, हे ज्याने अशी शाळा चालवली त्याला विचारावे. सर्वांआधी येऊन कुलपे काढणारा तो, पोस्टातून टपाल आणणारा तो, परीक्षेच्या दिवशी बाकांवर खडूने बैठक क्रमांक घालणारा तो. प्रयोगशाळेला परिचर नसेल तर ऑक्सिजन तयार करण्याची मांडणी त्याला पाठ असते. वर्गात चक्कर आलेल्या मुलीला घरी पोचवायला तोच जातो, कारण कुठल्या वस्तीवर कुणाचे घर हे त्यालाच ठाऊक असते. कित्येक मुख्याध्यापक आले आणि बदलून गेले. शाळेची स्मृती शिपायाने जपली.

नियमांत रुळलेली वर्षे (१९८१–२०००)

या काळाबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. पदे भरली जात होती, पट वाढत होता, मुलींची संख्या वाढत होती, निकाल उंचावत होते. कार्यालयात टाइपरायटरच्या जागी संगणक आले. आरक्षणाची बिंदुनामावली पाळून सामाजिक दृष्ट्या सर्व थरांतील शिक्षक संस्थेत आले, आणि भाऊरावांच्या वसतिगृहातली पंगत शिक्षक-खोलीतही दिसू लागली. शाळेत पुरेसे मनुष्यबळ असले की सांगण्यासारखे फारसे घडत नाही, शिक्षण शांतपणे चालते. ही दोन दशके त्याचा पुरावा आहेत.

मानधन आणि रिक्त पदे (२००१–२०१९)

२००० साली शिक्षण सेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करायचे, मग वेतनश्रेणी. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन चार हजार रुपयांपासून सुरू झाले, पुढे आठ हजार झाले. बी.एड. झालेला तरुण त्यात खोलीभाडे आणि खानावळ भागवून घरी काय पाठवणार, हा विचार तेव्हा व्हायला हवा होता. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना जुने निवृत्तिवेतन उरले नाही. एकाच शिक्षक-खोलीत एकच काम करणाऱ्या दोघांच्या उतारवयाची हमी वेगवेगळी झाली.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक, शंभरावर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, क्रीडा, कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक, अशी ही चांगली तरतूद. पण २०११ च्या ऑक्टोबरमधील राज्यव्यापी पटपडताळणी आणि मे २०१२ मधील भरतीबंदी यांमुळे निवृत्तीने रिकामी झालेली खुर्ची रिकामीच राहू लागली. २०१५ च्या नव्या निकषांनी संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या पदांचे, गणित पूर्णपणे पटावर आणले. ३० सप्टेंबरच्या पटावर पदे ठरतात. चार मुले कमी भरली तर एक शिक्षक ‘अतिरिक्त’ होतो. त्यामुळे मे महिन्यात शिक्षक वस्त्यांवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर, मेंढपाळांच्या तळावर पट शोधत फिरतात. मूल शाळेत आणण्यासाठी हे फिरणे रयतेच्या सेवकाला नवे नाही; त्याच्या नोकरीचा घोर त्या फिरण्याला जोडला गेला, हे मात्र नवे आहे.

या वर्षांत मुख्याध्यापकाच्या टेबलावर एका वहीला फार महत्त्व आले : बदली तासांची वही. साडेदहाला प्रार्थना संपते. एक शिक्षक रजेवर, एक निवडणुकीच्या कामावर, एक पद रिक्त. पर्यवेक्षक वही उघडून पहिल्या तासापासून रिकाम्या चौकटी भरू लागतात आणि शिपाई ती वही घेऊन सही घेत शिक्षक-खोलीत फिरतो. सलग सहा-सात तास उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षकांनी ही सही क्वचितच नाकारली. तासिका तत्त्वावर आलेल्या तरुणांनीही भार वाहिला. त्यांच्यातले कित्येक सुट्टीच्या महिन्यांत मानधनाविना राहिले. २०१७ पासून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची प्रक्रिया सुरू झाली आणि २०१९ साली, संस्थेच्या शताब्दी वर्षात, शाळांना काही नवे शिक्षक मिळाले.

शताब्दीनंतर (२०२० पासून)

शताब्दीचे मांडव उतरतात न उतरतात तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता अशा मुलांसाठी शिक्षकांनी पारावर, समाजमंदिरात, अंतर राखून वर्ग घेतले. शिपायांनी स्वाध्यायाच्या प्रती घरोघर पोचवल्या. संस्थेचे जुने वळण अडचणीच्या वेळी कामी आले.

डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने चतुर्थ श्रेणीची पदे, ती रिकामी होतील तसतशी, संपवून त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ देण्याचे धोरण आले. शाळेच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे, असे मी ठामपणे म्हणतो. भत्त्यावर आलेला माणूस चांगली संधी मिळताच जाणार, आणि त्याने जावेही. कुलपे उघडणारा कुणीतरी मिळेल. वस्तीवरचे प्रत्येक घर ओळखणारा मिळणार नाही.

चांगल्या गोष्टीही झाल्या. २०२३ पासून माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन अठरा हजार झाले. २०२४ मध्ये राज्यभर मोठी शिक्षकभरती झाली आणि वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या काही खुर्च्या भरल्या. मार्च २०२४ च्या सुधारित निकषांमुळे मात्र कमी पटाच्या वाडी-वस्तीवरील शाळांची चिंता वाढली आहे, आणि रयतेच्या कित्येक शाळा नेमक्या तशाच ठिकाणी आहेत.

आज महाराष्ट्रातील पंधरा आणि कर्नाटकातील एका जिल्ह्यात चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये आणि चाळीसवर महाविद्यालये संस्था चालवते. नव्या प्रयोगशाळा, संगणक कक्ष, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, गुरुकुल प्रकल्प असे पुष्कळ काम सुरू आहे. त्यातले प्रत्येक काम शेवटी कुणाच्या तरी वेळापत्रकातल्या एका तासिकेवर येऊन थांबते.

माजी विद्यार्थ्यांना आणि गावकऱ्यांना या निमित्ताने तीन विनंत्या. आपल्या शाळेची संचमान्यता किती पदांची आहे आणि त्यांतली किती भरलेली आहेत, हे मुख्याध्यापकांना भेटून विचारा आणि रिक्त पदांचा पाठपुरावा शाळा समितीच्या बरोबरीने करा. देणगी द्यायची असेल तर इमारतीच्या पाटीऐवजी चित्रकला, संगीत किंवा क्रीडा यांच्या अंशकालीन शिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनाचा विचार करा. आणि आपल्याला शिकवलेल्या शिक्षकांची, शाळेतल्या लिपिकांची, शिपायांची, वसतिगृहात भाकरी भाजणाऱ्या मावशींची नावे, छायाचित्रे, नेमणुकीची पत्रे घरात असतील तर ती शाळेकडे पोचवा. प्रत्येक शाखेचा सेवकपट तयार करण्यासाठी हा मजकूर लागणार आहे.